खाली कसं येणार?

हाय पॉवर रॉकेट्रीतला, म्हणजे हौसेने मोठी रॉकेटं बनवून उडवण्याच्या छंदातला, पहिला दाखला, लेव्हल वन, हवा असेल तर तुमचं रॉकेट किती उंच गेलं हे कुणी विचारत नाही. पाचशे फूट गेलं काय नि पाच हजार गेलं काय, सारखंच. बघायचं ते खाली आल्यावर. पॅराशूट उघडलं का, सगळे भाग एकमेकांना बांधलेले राहिले का, मोटरचं नळकांडं जागेवर आहे का, आणि नवी मोटर भरली तर हेच रॉकेट डागडुजी न करता आत्ताच्या आत्ता पुन्हा उडेल का. फिन, म्हणजे शेपटाकडचा पंख, मोडली, नापास. पॅराशूट दोरीत गुंतलं, नापास. ट्रायपोली या संस्थेच्या नियमांत तर रॉकेट वाऱ्याबरोबर ठरलेल्या हद्दीबाहेर वाहून गेलं तरी नापास.

मी पोटासाठी एका विमा कंपनीत दावे तपासते. गळकी छतं, ठोकलेल्या गाड्या, फुटलेले पाइप. काय बिघडलं, कधी बिघडलं, आधी लक्षात यायला हवं होतं का, हे प्रश्न अंगात इतके मुरलेत की घरचे म्हणतात, जेवताना तरी पंचनामा करू नकोस. पन्नाशीच्या उंबरठ्यावर मी रॉकेट बनवायला घेतलं तेव्हा कोल्हापूरला फोनवर हशा पिकला. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. ज्या छंदाची पहिलीच परीक्षा ‘धड परत आणून दाखवा’ अशी आहे, तो माझ्याच पंथातला. (परत येण्यावरून अमेरिकेत राहणाऱ्या माणसाला एक रूपक लगेच सुचतं. ते मी इथे वापरणार नाही. आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत ते दर वर्षी येतं.)

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मला पहिल्यांदा लूसर्नला नेलं. दक्षिण कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या पलीकडचा सॅन बर्नार्डिनोचा डोंगर ओलांडला की मोहावीचं वाळवंट लागतं, आणि तिथे लूसर्न व्हॅली नावाच्या गावाजवळ एक सुकलेलं तळं आहे. तळं म्हणायचं ते सवयीने. सपाट, फिकट, भेगाळलेली माती, नजर जाईल तिथपर्यंत झाड नाही. ‘रॉक’, म्हणजे रॉकेट्री ऑर्गनायझेशन ऑफ कॅलिफोर्निया, ही हौशी मंडळींची संस्था तिथे उड्डाणं भरवते. हवाई वाहतूक बघणाऱ्या एफएएकडून आकाशाची परवानगी आधी घ्यावी लागते, आणि ती ठरावीक उंचीपर्यंतच मिळते. म्हणजे त्या दिवशी त्या तळ्यावरचं आकाश रीतसर मागून आणलेलं असतं. मला हे फार आवडलं.

मला वाटलं होतं, चार-दोन तरुण इंजिनिअर पोरं असतील. तिथे छत्र्या, घडीच्या खुर्च्या, शीतपेट्या, नातवंडांना घेऊन आलेले आजोबा, आणि प्रत्येकाच्या गाडीच्या डिकीतून बाहेर डोकावणारी माणसाएवढी नळकांडी. मधोमध माइकवर बसलेला एक माणूस उलटे आकडे मोजतोय. आणि दर काही मिनिटांनी एक आवाज, जो आधी छातीला कळतो नि मग कानाला.

मोटरांची भाषा समजली की अर्धा छंद समजला. प्रत्येक मोटरला इंग्रजी अक्षर असतं आणि ते एकूण आवेगाचं, म्हणजे मोटर किती जोराने आणि किती वेळ ढकलते त्याच्या गुणाकाराचं. ए मोटरची कमाल मर्यादा २.५ न्यूटन-सेकंद. पुढच्या प्रत्येक अक्षराला ती दुप्पट होते: बी ५, सी १०, असं करत जी १६०. शाळकरी मुलं पार्कात उडवतात ती ए, बी, सी. एच, म्हणजे १६० ते ३२०, इथून हाय पॉवर सुरू होतं आणि दाखला लागतो. लेव्हल वनवर एच आणि आय. लेव्हल टूवर जे, के, एल, पण त्याआधी लेखी परीक्षा. लेव्हल थ्री एमपासून. दुप्पट-दुप्पट ऐकायला साधं वाटतं. एमची मर्यादा १०,२४० न्यूटन-सेकंद होते, ए मोटरच्या चार हजार पटींहून जास्त. एम मोटर पेटते तेव्हा प्रेक्षकांना दीडशे मीटर लांब उभं करतात. एचला तीस मीटर पुरतात.

अक्षरापुढे आकडा असतो तो सरासरी रेट्याचा, न्यूटनमध्ये. माझी पहिली मोटर एच १२८. एकूण आवेग १७३ न्यूटन-सेकंदांच्या आसपास, म्हणजे भागाकार केला तर ती जेमतेम सव्वा-दीड सेकंद जळते. सगळं ‘उडवणं’ एवढ्यात संपतं. त्यानंतरची सात-आठ सेकंदं रॉकेट नुसत्या वेगावर वर चढत राहतं, आणि त्यानंतरचा मिनिटभर खाली येतं. बनवणाऱ्याचे कित्येक आठवडे या उरलेल्या वेळेची तजवीज करण्यात जातात. मोटर तर तयार मिळते.

मोटर तयार मिळते हे वाक्य वाचायला किरकोळ आहे, पण हा छंद जन्माला आला तो त्यासाठीच. नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावात ऑर्व्हिल कार्लाइल नावाचा चपला-बुटांचा दुकानदार होता. त्याला दारूकामाचा नाद. भाऊ रॉबर्ट विमानांच्या प्रतिकृती बनवायचा आणि रॉकेटवर व्याख्यानं द्यायचा. भावाला व्याख्यानात दाखवायला काहीतरी हवं म्हणून ऑर्व्हिलने १९५४ मध्ये कागदी नळीचं, छोटी बदलती मोटर घालता येईल असं, पॅराशूटवर परत येणारं रॉकेट बनवलं. नाव ठेवलं रॉक-अ-शूट. यात शोध कसला? दोन गोष्टींचा. मोटर वेगळी, रॉकेट वेगळं. आणि रॉकेट परत येतं.

१९५७ मध्ये जी. हॅरी स्टाइन यांचा एक लेख कार्लाइलच्या वाचनात आला. स्टाइन न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र चाचणीतळावर काम करत, तेही सुरक्षेचं. घरच्या घरी रसायनं कालवून रॉकेट करणाऱ्या पोरांची पत्रं त्यांना येत, आणि अपघातांच्या बातम्याही. हाताची बोटं जायची, डोळे जायचे. त्याच वर्षी ऑक्टोबरात स्पुटनिक वर गेला आणि अमेरिकेतल्या प्रत्येक गल्लीतल्या मुलाला रॉकेट उडवायचं झालं. कार्लाइलने पाठवलेले नमुने पाहून स्टाइन यांना कळलं की उत्तर हेच: पोरांना रॉकेट बनवू द्या, दारूला हात लावू देऊ नका. त्याच वर्षी नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री सुरू झाली. मोटरा कमी पडायला लागल्या तेव्हा कोलोरॅडोतल्या व्हर्न एस्टेस यांनी दाबलेल्या हवेवर चालणारं एक यंत्र बनवलं, दर काही सेकंदांना एक मोटर बाहेर टाकणारं. त्या यंत्राचं नाव मेबल. मेबलची मोटर वापरून ज्यांची बोटं शाबूत राहिली त्यांचा हिशेब कुणी केलेला नाही. न झालेल्या अपघाताचा दावा कुणी दाखल करत नाही, ही माझ्या धंद्यातली जुनी अडचण.

तर माझं रॉकेट. चार इंच व्यासाची जाड पुठ्ठ्याची नळी, प्लास्टिकचं नाक, बर्च प्लायवुडच्या तीन फिन, आत मोटरसाठी २९ मिलिमीटरची छोटी नळी, आणि ती मधोमध धरून ठेवणाऱ्या लाकडी चकत्या. उभं केलं तर माझ्या खांद्याला लागेल एवढं. पुठ्ठा ऐकून कोल्हापूरकर पुन्हा हसले. पण पुठ्ठा हलका असतो, वाकतो, फाटतो, आणि डोक्यावर पडला तर धातूइतका घात करत नाही. म्हणूनच हाय पॉवरच्या नियमांतही रॉकेट हलक्या वस्तूंचं हवं असं लिहिलंय. धातू फक्त लागेल तिथे.

फिन बाहेरून नुसत्या चिकटवत नाहीत. नळीला चिरा पाडलेल्या असतात, फिनची जीभ त्यातून आत जाऊन थेट मोटरच्या नळीला टेकते. आतून सांधा, बाहेरून सांधा. हे सगळं एपॉक्सी नावाच्या पक्क्या गोंदाने. पाच मिनिटांत घट्ट होणारं एपॉक्सी सोयीचं, पण जाणती माणसं अर्ध्या तासाचं वापरायला सांगतात. ते लाकडात मुरतं. सांध्याच्या कडेने एपॉक्सीची गोलसर भर घालायची, आइस्क्रीमच्या काडीने ओढून. मग दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपरने घासायचं. एका वेळी दोनच सांधे, कारण नळी आडवी ठेवली तरच एपॉक्सी ओघळत नाही. तीन फिन, म्हणजे बाहेरचेच सहा सांधे. बाल्कनीत हे चाललेलं असताना नवरा दारात चहा घेऊन उभा राहायचा आणि विचारायचा, ‘आज किती अंश फिरलं?’ हे मला चिडवण्यासाठी होतं, पण प्रश्न बरोबर होता. आज एकशे वीस.

पॅराशूटला नाक आणि धड जोडणारी दोरी केव्हलारची, कारण ती सहज जळत नाही. तिचं एक टोक मोटरच्या नळीपाशी पक्कं केलेलं. पॅराशूटभोवती नोमेक्सचं फडकं, अग्निशमन दलाच्या कपड्यांत असतं ते. कारण पॅराशूट बाहेर पडतं ते स्फोटानेच: मोटरच्या वरच्या टोकाला चिमूटभर बंदुकीची दारू असते, ती पेटते, नळीत दाब वाढतो आणि नाक उडून जातं. दोरी बारीक असेल आणि रॉकेट वेगात असताना हे घडलं तर ती पुठ्ठ्याला वरपासून खालपर्यंत चिरत जाते. याला तिथे ‘झिपर’ म्हणतात. या मंडळींकडे अपघातांसाठी खूप शब्द आहेत. मोटर फुटली तर ‘केटो’. जमिनीत नाकाने घुसलं तर ‘कोअर सॅम्पल’, म्हणजे भूगर्भवाले मातीचा नमुना काढतात तसा नमुना काढला. ज्या समाजात अपघाताला विनोदी नाव असतं तिथे अपघात लपवत नाहीत, असं माझं मत आहे.

आता स्थैर्य. हे मला सगळ्यात जास्त भावलं, म्हणून जरा थांबते. दिवाळीतल्या बाणाला काडी का असते? लहानपणी वाटायचं, बाटलीत उभा राहावा म्हणून. काडी मोडून बाण सोडला तर तो कुठेही जातो, शेजाऱ्यांच्या गॅलरीत सुद्धा, हे आमच्या वाड्यात सर्वांना माहीत होतं. का, ते कुणाला नाही. हवेतून जाणाऱ्या वस्तूचे दोन बिंदू महत्त्वाचे. एक गुरुत्वमध्य, ज्याभोवती ती वस्तू वळते. दुसरा दाबकेंद्र, जिथे आडव्या हवेचा सगळा जोर एकवटला असं धरता येतं. दाबकेंद्र गुरुत्वमध्याच्या मागे असेल तर नाक जरा वळलं की हवा शेपटाला ढकलून नाक पुन्हा सरळ करते. पुढे असेल तर हवा उलट ते वळण वाढवते आणि रॉकेट कोलांट्या खातं. काडी दाबकेंद्राला मागे ओढते. फिनचं काम तेच, फक्त आटोपशीर.

दोन बिंदूंमध्ये निदान नळीच्या एका व्यासाइतकं अंतर असावं, असा ढोबळ नियम. माझ्यासाठी चार इंच. गुरुत्वमध्य काढणं सोपं: मोटर भरायची, पॅराशूट घालायचं, आणि रॉकेट सोफ्याच्या हातावर आडवं टाकून तोल कुठे राहतो ते पाहायचं. मोटर भरणं विसरून चालत नाही, कारण ती सगळी जड वस्तू मागे असते. दाबकेंद्र मात्र तोलता येत नाही, ते काढावं लागतं. १९६६ मध्ये जेम्स बॅरोमन या नासातल्या अभियंत्याने हौशी मंडळींसाठी त्याची सोपी सूत्रं मांडली. ज्याला त्रिकोणाचं क्षेत्रफळ येतं त्याला कागद-पेन्सिलीने ती सोडवता येतात. आता कुणी सोडवत नाही. हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठात साम्पो निस्कानेन या विद्यार्थ्याने २००९ मध्ये आपल्या प्रबंधासाठी ओपनरॉकेट नावाची प्रणाली लिहिली आणि सगळ्यांना फुकट देऊन टाकली. तिच्यात नळीची लांबी, फिनचा आकार, मोटर भरली की रॉकेट पडद्यावर उभं राहतं, दोन्ही बिंदू दिसतात, उंची, वेग, वाऱ्याने किती वाहून जाईल हे सगळं निघतं. मी मात्र एकदा वहीत सूत्रं सोडवलीच. उत्तर पडद्यावरच्या उत्तराजवळ आलं तेव्हा झालेला आनंद बारावीनंतर झाला नव्हता.

फिन मोठ्या केल्या की प्रश्न सुटला, असंही नाही. दाबकेंद्र फार मागे गेलं तर रॉकेट वाऱ्याच्या दिशेने तोंड वळवतं आणि वर जाण्याऐवजी तिरकं धावतं. आणि सुरुवातीला तर फिन बिनकामाच्याच असतात, कारण हवा वाहिल्याशिवाय त्यांना पकड नाही. म्हणून रॉकेट अॅल्युमिनियमच्या उभ्या रुळावर सरकत निघतं. रूळ सोडेपर्यंत त्याला ताशी पन्नासेक किलोमीटरचा वेग यावा लागतो. त्यासाठी मोटरचा रेटा रॉकेटच्या वजनाच्या निदान पाचपट हवा असं सांगतात. माझं मोटरसकट वजन तेरा-चौदाशे ग्रॅम, म्हणजे जवळपास चौदा न्यूटन. एच १२८ म्हणजे नऊपट. या आकड्यावर मी शांत झोपले.

झोप उडवली ती डिलेने. मोटर जळून संपली की तिच्यातला एक संथ जळणारा तुकडा धूर सोडत राहतो, आणि तो संपला की दारूपर्यंत आग पोचते. म्हणजे पॅराशूट कधी उघडायचं हे तुम्ही जमिनीवर असतानाच ठरवून टाकलेलं असतं. शिखरावर वेग जवळजवळ शून्य, तिथे उघडलं तर उत्तम. दोन सेकंद आधी उघडलं तर रॉकेट अजून वेगात वर जातंय, दोन सेकंद उशिरा तर वेगात खाली येतंय. दोन्हीकडे झिपरची भीती. मोटरबरोबर मिळणारा तुकडा जास्त वेळेचा असतो आणि एका छोट्या हत्याराने त्याला भोक खोल करत दोन-दोन सेकंद कमी करायचे असतात. हाताने फिरवायचं ते हत्यार. रॉकेट्रीतलं सगळ्यात नाजूक गणित शेवटी मनगटाच्या दोन गिरक्यांत उतरतं, हे बघून मी थक्क झाले.

आणि उघडल्यानंतर? मोठं पॅराशूट म्हणजे हळू उतरणं, आणि हळू उतरणं म्हणजे लांब जाणं. बाराशे फुटांवरून सेकंदाला सतरा फूट या गतीने यायला सत्तर सेकंद लागतात. ताशी दहा मैलांचा वारा तेवढ्यात रॉकेटला हजार फूट लांब नेतो. त्यावर एक गंमतशीर तोड आहे: गुंडाळलेल्या पॅराशूटला रबरी पट्ट्याने बांधून ठेवणारी काडेपेटीएवढी वस्तू, जी हवेचा दाब मोजते आणि ठरवलेल्या उंचीला आल्यावर पट्टा सोडते. तोवर रॉकेट दोन तुकड्यांत लोंबकळत वेगाने पडत असतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, संपलं.

लूसर्नवर उड्डाणाआधी रॉकेट घेऊन एका टेबलापाशी रांगेत उभं राहायचं. तिथे बसतो तो आरएसओ, मैदानाचा सुरक्षा अधिकारी. पगार नाही, गणवेश नाही. त्या दिवशी ज्याची पाळी तो. माझ्या वेळी सत्तरीचे एक निवृत्त मशिनिस्ट होते. त्यांनी माझ्या कार्डावरचं नाव वाचलं, उच्चारायचा प्रयत्न केला, सोडून दिला, आणि पहिला प्रश्न विचारला तो, ‘हे खाली कसं येणार?’

मी सांगत गेले आणि ते हाताने तपासत गेले. एकेक फिन धरून हलवली. दोरी बाहेर काढून ओढली. नळीला हवा जायला बारीक भोक आहे का पाहिलं. नाहीतर वर गेल्यावर आत कोंडलेली हवाच नाकाला वेळेआधी बाहेर ढकलते. गुरुत्वमध्य आणि दाबकेंद्राच्या मी केलेल्या खुणांवर बोट ठेवलं. मग म्हणाले, ‘नाकाला धरून उचला.’ उचललं. धड लोंबकळत राहिलं, सुटलं नाही. ‘आता हलवा.’ हलवल्यावर हळूच निसटलं. घट्ट हवं, पण स्फोटाने सुटेल इतकंच घट्ट. हे प्रमाण नाकाच्या बुंध्याला कागदी चिकटपट्टीचे वेढे कमी-जास्त करून जमवतात. त्यांनी सही केली.

माझ्या ऑफिसात कागदावर सात सह्या असतात आणि त्यातल्या सहा जणांनी ती वस्तू पाहिलेली नसते. इथे एक सही, पण माणसाने हात लावून केलेली. माझ्या पुढच्या गृहस्थांना त्यांनी परत पाठवलं होतं, एक फिन किंचित हलत होती म्हणून. गृहस्थ हुज्जत न घालता गेले. हे दृश्य मी माझ्या नोकरीत बघितलेलं नाही.

माझ्या आधी के मोटरवरचं एक मोठं रॉकेट गेलं. फायबरग्लासचं, देखणं. सरळ वर गेलं, दिसेनासं झालं, आणि मग काहीच नाही. माइकवरचा आवाज बदलला: ‘हेड्स अप.’ सगळे खुर्च्यांवरून उठले. जाणत्या लोकांनी हात वर करून बोट दाखवायला सुरुवात केली, ज्याला दिसलं तो दाखवतो, म्हणजे बाकीच्यांना दिशा कळते. नाकाने खाली येणाऱ्या रॉकेटचा शिट्टीसारखा आवाज येतो. लांब, माणसं नव्हती तिथे, धुळीचा एक झोत उठला. मालक फावडं घेऊन चालत गेला. फावडं त्याच्या गाडीत आधीपासून होतं.

परत आल्यावर त्याने तुकडे टेबलावर मांडले आणि चार-पाच जण भोवती जमून बघू लागले. उंची मोजून पॅराशूट उघडणाऱ्या यंत्राची वायर सुटली असावी असं ठरलं. कुणी कुणाला बोल लावला नाही, कुणी वकिलाचं नावही काढलं नाही. इतकं मोकळं शवविच्छेदन मी क्वचितच पाहिलंय.

माझ्या उड्डाणाबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. पाच, चार, तीन, आणि पांढरी ज्वाळा, आणि ते तिथे नव्हतंच. उंचावर एक ठिपका, ठिपक्यापासून सुटलेला धूर, मग नाक वेगळं झाल्याचा फट् आवाज, जो दिसल्यानंतर मागाहून ऐकू आला. पॅराशूट नारिंगी. मी चालत जाऊन आणलं, आरएसओंनी पुन्हा फिन हलवून पाहिल्या, मोटर जागेवर आहे बघितलं, आणि माझ्या अर्जावर सही केली. सहकाऱ्याने फोटो काढला. त्यात माझे डोळे मिटलेले आहेत.

या मोटरांत जळतं ते अमोनियम परक्लोरेट, रबरासारख्या बंधकात मिसळलेलं. स्पेस शटलच्या दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या बूस्टरमध्ये याच जातीचं इंधन होतं. अमेरिकन सरकारच्या एका खात्याने ते स्फोटकांच्या यादीत घातलं होतं, त्यामुळे साठवायला, विकायला परवाने. ट्रायपोली आणि नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री या दोन हौशी संस्था २००० मध्ये कोर्टात गेल्या. नऊ वर्षं खटला चालला. मुद्दा असा की हे इंधन स्फोट पावत नाही, जळतं, आणि किती वेगाने जळतं ते मोजून दाखवा. २००९ मध्ये न्यायाधीश रेजी वॉल्टन यांनी संस्थांच्या बाजूने निकाल दिला. सुट्टीच्या दिवशी पुठ्ठा चिकटवणाऱ्या लोकांनी वर्गणी काढून नऊ वर्षं एका आकड्यासाठी भांडावं, याचं मला एक दावे तपासनीस म्हणून अतोनात कौतुक आहे.

आणि हेच रबरी बंधकातलं घन इंधन आपल्या इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्यातही असतं. केरळातल्या थुंब्याला १९६३ मध्ये पहिलं रॉकेट उडालं ते अमेरिकन नाइकी-अपाची. स्वतःचं घन इंधन हवं म्हणून ज्यांनी पुढे तिथे वर्षानुवर्षं काम केलं त्यांत आपले पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर होते. महाराष्ट्रात त्यांचं नाव काढलं की लोकांना मान्सूनचा अंदाज आठवतो. त्यांचं मूळ काम हे, हे मलाही मोटर भरायला शिकल्यावरच नीट उमगलं. बंधक जरा चुकलं, इंधनात एक बुडबुडा राहिला, की जळणारा पृष्ठभाग अचानक वाढतो, दाब वाढतो आणि नळी फुटते. माझ्या मोटरमध्ये कारखान्यात तपासलेल्या इंधनाच्या वड्या येतात; मी फक्त त्या नळकांड्यात रचते, रबरी कड्यांना ग्रीस लावते, दोन टोकं आवळते. टनांच्या मापात तीच शिस्त कुणीतरी पहिल्यांदा बसवली असणार.

दाखल्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला तेव्हा कोल्हापूरच्या भाच्याने फोन केला. वय चौदा. ‘मावशी, साखरेचं इंधन कसं करतात ते यूट्यूबवर आहे. मला फक्त प्रमाण बरोबर आहे का ते सांग.’ मी त्याला नाही म्हटलं, आणि ते नाही म्हणणं जरा लांबलं. भारतात एच मोटर दुकानातून घेऊन यावी अशी सोय नाही, आणि दारूकाम घरात करायला १८८४ चा स्फोटकांचा कायदा आड येतो, हे त्याला सांगितलं. कायद्याने तो फारसा बधला नाही. १९५७ च्या पोरांचं सांगितलं, बोटांचं, तेव्हा जरा गप्प झाला. मग त्याच्या आईला फोनवर बोलावलं आणि तिलाही सांगितलं, म्हणजे विषय दोन बाजूंनी बंद झाला.

पण नुसतं नाही म्हणून पोरगं ऐकणार नाही, हेही दिसत होतं. त्याला ओपनरॉकेट उतरवून घ्यायला लावलं. शीतपेयाच्या दोन लिटरच्या बाटलीत पाणी भरायचं, सायकलच्या पंपाने हवा भरायची, असलं पाण्याचं रॉकेट त्याने शाळेच्या मैदानावर करायचं ठरलंय, शिक्षकांच्या समोर. पाणी संपल्यावर उरतं ते रिकामं, हलकं रॉकेट, आणि त्यालाही स्थिर राहावंच लागतं. पहिली फाइल त्याने पाठवली तेव्हा फिन भलत्या सुंदर होत्या, मागे वळलेल्या, लढाऊ विमानासारख्या, आणि स्थैर्य ०.४ व्यास. मी लिहिलं, फिन मोठ्या कर नाहीतर नाकात वजन घाल. फिन मोठ्या केल्या तर विचित्र दिसतं, असं त्याचं म्हणणं. वजन घातलं तर उंच जाणार नाही, असं त्याच्या मित्राचं. मी दाबकेंद्राचं सूत्र वहीच्या पानाचा फोटो काढून पाठवलंय. काल रात्री मित्राने त्यात एक चूक शोधली आहे असा निरोप आलाय; बघायचं आहे.